झाकली मूठ आणि म्हैसूरची प्रजासभा

माहितीच्या अधिकाराचा कायदा लागू झाल्यापासून अधिकारी व कर्मचाऱ्यांसाठी त्या विषयाचे वर्ग घेण्याचा योग मला अनेकदा आला. बहुतेक वर्गांत पहिला प्रश्न एकच असतो. "साहेब, अमुक माहिती मागितली आहे, ती द्यायची की नाही?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जिज्ञासेपेक्षा धास्ती अधिक असते. कलम २० प्रमाणे दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे त्याने ऐकलेले असते. म्हणून मीही सुरुवात कलम ८ पासून करीत असे. कोणती माहिती नाकारता येते, नाकारताना कारण कसे नोंदवावे, मुदत कशी मोजावी, हे सारे मी तपशीलवार सांगे. वर्ग संपताना सर्वजण समाधानी दिसत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. ती मूठ कायद्याच्या चौकटीत राहून कशी झाकावी एवढेच मी शिकवीत होतो, हे ध्यानात यायला मला बराच काळ लागला.

ते ध्यानात आले दोन गोष्टींमुळे. एक माझ्या हातून झालेली चूक आणि दुसरी म्हैसूरचा इतिहास.

आधी चूक सांगतो. मी एका पंचायत समितीत गटविकास अधिकारी असताना एका वयस्क शेतमजुराचे अपील माझ्यापुढे आले. ग्रामसभेत घरकुलाच्या लाभार्थ्यांची नावे वाचली गेली, त्यांत आपले नाव होते, असे त्याचे म्हणणे. पुढे मंजूर यादी लागली तेव्हा तिच्यात नाव नव्हते. त्याने ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल मागितली. ग्रामपंचायतीने कळवले, "अभिलेख उपलब्ध नाही." सुनावणीच्या दिवशी तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मी सभेत पुढंच बसलो होतो. माझं नाव माझ्या कानानं ऐकलंय." मी त्याला समजावले की कायद्याने असलेली माहिती मिळते, नसलेली निर्माण करून देता येत नाही. अपील निकाली निघाले. माझा आदेश मुदतीत होता आणि त्यातील कलमांचे उल्लेख बिनचूक होते.

पुढल्या वर्षी दफ्तर तपासणीत त्या ग्रामपंचायतीची कार्यवृत्ताची नोंदवही माझ्या हाती आली. ग्रामसेवक मध्यंतरी बदलून गेला होता आणि पदभाराच्या यादीत ही वही नोंदलेलीच नव्हती. त्या सभेचे पान मी उघडले. वर तारीख, तिच्याखाली उपस्थितांच्या सह्या व अंगठे आणि त्यापुढे दीड पान कोरे. सभा झाली होती, सह्या झाल्या होत्या. ठराव "मागाहून लिहून घेऊ" असे ठरले असावे आणि ते मागाहून कधी आलेच नव्हते. अंगठ्यांच्या रांगेत त्या शेतमजुराचाही अंगठा होता. त्या वर्षीच्या घरकुलांचा लक्ष्यांक तोवर संपला होता.

ही सल मनात असतानाच एका अभ्यासक्रमासाठी म्हैसूरला जाणे झाले. म्हैसूर म्हटले की आपल्याला राजवाडा, दसरा आणि चंदन आठवते. प्रशासनातील माणसाला त्याबरोबरच ललिता महाल रस्त्यावरील प्रशिक्षण संस्था आठवतात. कर्नाटक शासनाची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था याच शहरात आहे, आणि पंचायत राज व ग्रामविकासाचे प्रशिक्षण देणारी, अब्दुल नझीर साब यांच्या नावाची राज्य संस्थाही येथेच आहे. दिवसभराचे वर्ग आटोपल्यावर मी गावात फिरायला जाई. तेथील नगरभवनाला रंगाचार्लूंचे नाव आहे. म्हैसूरचे हे दिवाण मला नावापुरते ठाऊक होते. त्यांच्याविषयी वाचू लागलो, आणि माझ्या विषयाचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा धागा हाती लागला.

१८८१ साली, पन्नास वर्षांच्या ब्रिटिश कारभारानंतर, म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याकडे परत आले. चामराजेंद्र वडियार गादीवर आले आणि सी. व्ही. रंगाचार्लू दिवाण झाले. राज्य परत मिळाले, परंतु ते १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने पोळलेले होते. १८७१ च्या शिरगणतीत सुमारे ५० लाख असलेली लोकसंख्या १८८१ मध्ये सुमारे ४२ लाखांवर आली होती. दुष्काळासाठी काढलेल्या कर्जाचा बोजाही राज्याच्या डोक्यावर होता. अशा वेळी कोणत्याही कारभाऱ्याला मूठ झाकून ठेवण्याचा मोह झाला असता. रंगाचार्लूंनी उलट केले. २५ ऑगस्ट १८८१ च्या आदेशाने त्यांनी प्रजाप्रतिनिधी सभा स्थापन केली. शासनाच्या योजना आणि त्यांमागील हेतू प्रजेला नीट कळावेत आणि प्रजेचे म्हणणे शासनाला कळावे, हा तिचा उद्देश होता. दसऱ्यासाठी राज्यभरातून लोक म्हैसूरला येतच असत. त्याच निमित्ताने तालुक्यातालुक्यातील जमीनधारक शेतकरी आणि व्यापारी यांना बोलावण्यात आले. ७ ऑक्टोबर १८८१ रोजी पहिली सभा भरली. तिला १४४ प्रतिनिधी उपस्थित होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या सभेला कायदा करण्याचा वा अंदाजपत्रकावर मतदान करण्याचा अधिकार नव्हता. प्रतिनिधीही आरंभी निवडून आलेले नव्हते. निवडणुकीचे तत्त्व १८९१ मध्ये आले, आणि तेही मालमत्ता व शिक्षण असलेल्यांपुरते. त्या सभेला लोकशाही म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. दिवाण वर्षभराच्या कारभाराचे निवेदन करीत, जमा-खर्चाची स्थिती सांगत, आणि प्रतिनिधी आपापल्या भागाची गाऱ्हाणी मांडत. परंतु या सभेची एक विशेषता होती, जिच्याकडे मी एक प्रशासक म्हणून वारंवार वळतो. तेथे सांगितले गेलेले कागदावर येत असे. दिवाणांची दसरा सभेतील निवेदने छापली गेली आणि पुढे ग्रंथरूपाने एकत्रितही झाली. १८८१ साली दिवाणांनी काय सांगितले ते आजही वाचता येते. माझ्या तपासणीतील त्या ग्रामसभेत काय ठरले, ते मात्र वर्षभरातच वाचता येईनासे झाले होते.

रंगाचार्लू जानेवारी १८८३ मध्ये निवर्तले. सभा त्यांच्या पश्चात टिकली, एवढेच नव्हे तर वाढली. तरी या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या जवळची आहे. १९०६ मध्ये व्ही. पी. माधवराव म्हैसूरचे दिवाण झाले. तंजावरकडच्या मराठी घराण्यातील हे गृहस्थ मूळचे पाटणकर. पुढे ते बडोद्याचेही दिवाण झाले. त्यांच्याच कारकिर्दीत १९०७ मध्ये म्हैसूरला कायदेमंडळ मिळाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९०८ मध्ये वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा नियमही आला. पत्र चालवायचे तर शासनाची परवानगी हवी, आणि ती काढून घेण्याचा अधिकार शासनाचाच. म्हैसूरमधील काही पत्रे त्यामुळे बंद पडली. हेच वर्ष आपल्याकडे लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्याचे.

एकच दिवाण, एकच कारकीर्द. एका हाताने सभागृह उघडले आणि दुसऱ्या हाताने छापखान्याला कुलूप घातले. माधवरावांना दोष देऊन हा विषय संपत नाही. सभा ही राज्यकर्त्याची कृपा होती आणि कृपा करणाऱ्याला ती आवरती घेण्याची मोकळीक असते. प्रजाप्रतिनिधी सभेला कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते कृष्णराज वडियार यांच्या काळात, १९२३ साली. त्याच वेळी स्त्रियांच्या मताधिकारातील अडसरही दूर झाला. उघडे दार उघडेच राहावे असे वाटत असेल तर ते कायद्यात लिहावे लागते, हा म्हैसूरच्या पहिल्या चाळीस वर्षांचा धडा आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानात याच्या नेमके उलट लिहिले गेले. १८८९ चा आणि नंतर १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम, त्याच्या जोडीला वर्तणुकीचे नियम. बोलणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा, गप्प बसणाऱ्याला काहीच नाही, ही शिस्त स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. १९७५ मध्ये राज नारायण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक कृत्यांची माहिती मिळण्याचा जनतेचा हक्क मान्य केला, तरी कचेरीतील कपाटे उघडायला आणखी पंचवीस-तीस वर्षे लागली. १९९७ मध्ये तामिळनाडू व गोव्याने कायदे केले. २००० मध्ये कर्नाटक व महाराष्ट्रानेही केले. आपल्याकडचा कायदा तोकडा ठरला आणि अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायदा पूर्णपणे अमलात आला.

या केंद्रीय कायद्यात म्हैसूरच्या सभेची आठवण करून देणारे एक वाक्य आहे. कलम ४(१)(ख) खाली प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबी स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या आहेत. त्यांतील आठवी बाब अशी की, आपल्या कार्यालयात कोणती मंडळे, परिषदा व समित्या आहेत, त्यांच्या सभा जनतेसाठी खुल्या आहेत काय, आणि त्यांची कार्यवृत्ते जनतेला पाहता येतात काय, ते जाहीर करावे. मी कित्येक कार्यालयांची ही प्रकटने पाहिली. आठव्या रकान्यात बहुधा "नाही" किंवा "निरंक" असे लिहिलेले असते. लिहिणाऱ्याने विचार करून "नाही" म्हटलेले नसते. मागच्या वर्षीच्या तक्त्यात तसे होते म्हणून याही वर्षी तसेच असते.

हा कायदा सभेत बसण्याचा हक्क सरसकट देत नाही. सभा खुली आहे की नाही एवढे सांगण्यास तो भाग पाडतो, आणि कार्यवृत्त मागण्याचा मार्ग देतो. अमेरिकेत दस्तऐवजांसाठी १९६६ चा आणि संघशासनाच्या मंडळांच्या सभांसाठी १९७६ चा, असे दोन वेगळे कायदे आहेत. राज्यांचे कायदे त्याहून निराळे. टेक्सास राज्याने तर १ जानेवारी २००६ पासून असा नियम केला की, सार्वजनिक संस्थेवर निवडून आलेल्या वा नेमलेल्या पदाधिकाऱ्याने पद स्वीकारल्यापासून नव्वद दिवसांच्या आत खुल्या सभा आणि खुले दस्तऐवज या दोन्ही विषयांचे प्रशिक्षण घेतलेच पाहिजे. प्रत्येक पाठ एक ते दोन तासांचाच. पण तो चुकवता येत नाही. आपल्या कायद्याच्या कलम २६ मध्येही माहिती अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचा उल्लेख आहे. मात्र त्याआधी "आर्थिक व इतर साधनसंपत्तीच्या उपलब्धतेनुसार" अशा आशयाची पुस्ती जोडलेली आहे. प्रशासनात वावरलेल्या माणसाला या पुस्तीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक फरक आहे. आपल्याकडे प्रशिक्षण मिळते ते जन माहिती अधिकाऱ्याला आणि प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला, म्हणजे कागद देणाऱ्याला किंवा नाकारणाऱ्याला. कागद ज्याच्या हातून जन्माला येतो, त्या ग्रामसेवकाला, समितीच्या सचिवाला, सभेच्या अध्यक्षाला आपण क्वचितच बोलावतो. दंडाचे कलम माहिती न देणाऱ्याला, किंवा मागितलेली माहिती नष्ट करणाऱ्याला लागते. ज्याने ती मुळात लिहिलीच नाही, त्याच्यापर्यंत ते सहसा पोहोचत नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात सांगितले की, अभिलेखात नसलेली आणि कोणत्याही कायद्याने ठेवणे बंधनकारक नसलेली माहिती जमवून देण्याचे बंधन नाही. यातील दुसरी अट महत्त्वाची आहे. ग्रामसभेचे कार्यवृत्त ठेवणे बंधनकारकच असते. ते उपलब्ध नाही असे उत्तर आले की चौकशी तेथे सुरू झाली पाहिजे. माझ्या आदेशात ती तेथे संपली होती.

म्हैसूरला मला याचेच दुसरे उत्तर पाहायला मिळाले. अब्दुल नझीर साब हे १९८० च्या दशकात कर्नाटकचे पंचायत राज मंत्री होते. खेड्यापाड्यांत विंधन विहिरींतून पाणी पोहोचवल्यामुळे लोक त्यांना 'नीर साब' म्हणत. १९८३ च्या कर्नाटकच्या पंचायत कायद्यामागे त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या नावाच्या संस्थेने २००० च्या दशकात उपग्रहाच्या साहाय्याने ग्रामपंचायत सदस्यांचे वर्ग घ्यायला सुरुवात केली. म्हैसूरच्या स्टुडिओत तज्ज्ञ बसत आणि तालुक्यातालुक्यातील केंद्रांवर सदस्य पडद्यासमोर बसत. त्यांत पहिल्यांदाच निवडून आलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने असत. चित्र एकाच बाजूने जाई, पण दूरध्वनीवरून प्रश्न विचारता येत. दसऱ्याला तालुक्यातून म्हैसूरला येणारे प्रतिनिधी आणि तालुक्यात बसून म्हैसूरला प्रश्न विचारणाऱ्या सदस्या यांच्यामधले अंतर सव्वाशे वर्षांचे. फरक एवढाच की १८८१ चा प्रतिनिधी कृपेने बोलत होता आणि ही सदस्या हक्काने.

त्याच कर्नाटकात ग्रामपंचायतींची जमाबंदी होते. हा शब्द आपल्याला महसुलातला म्हणून ठाऊक आहे. तेथे दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास ग्रामपंचायतीचे हिशेब व नोंदवह्या लोकांसमोर मांडल्या जातात आणि झालेली कामे जागेवर जाऊन पाहिली जातात. दफ्तर आणि सभा या दोन गोष्टी एकाच ठिकाणी आणल्या, की एकीने दुसरीची तपासणी होते. सगळ्या गावांत ही जमाबंदी मनापासून होते असा माझा दावा नाही. परंतु नियम करणाऱ्याला मर्म कळले होते, एवढे खरे.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीच्या मांडणीची जी पद्धत घालून दिली, ती 'लखीना पॅटर्न' म्हणून प्रसिद्ध झाली. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावावेत, 'अ' वर्गाचा अभिलेख कायम जपावा आणि 'ड' वर्गाचा वर्षभराने काढून टाकावा, हे आपण सारे शिकलो आहोत. माहितीच्या अधिकाराच्या वीस वर्षे आधी आपल्या हाती त्याचा पाया होता. तो आपण नीटनेटकेपणाचा विषय मानला, नागरिकाच्या हक्काचा मानला नाही. म्हणून कायदा आल्यावर आपण आधी कळस चढवला आणि पाया विसरलो.

म्हैसूरहून परतल्यावर मी माझ्या वर्गाचा क्रम बदलला. आता कलम ८ शेवटच्या तासाला येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने त्यातील वैयक्तिक माहितीच्या अपवादाची शब्दरचनाच बदलली आहे. त्यामुळे तो तास पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे हे मान्य. पण पहिल्या तासाला मी वर्गातच एक सभा भरवतो. कुणी अध्यक्ष, कुणी सचिव, बाकीचे ग्रामस्थ. विषय साधा असतो: पाणंद रस्ता किंवा नळजोडणी. वीस मिनिटे चर्चा होते. नंतर सचिवाने पाच मिनिटांत कार्यवृत्त लिहायचे आणि सर्वांना वाचून दाखवायचे. वाचन सुरू झाले की गोंधळ उडतो. "मी विरोध केला होता, ते कुठे आहे?" "रक्कम इतकी ठरलीच नव्हती!" अनुभवी अधिकारीही हिरिरीने भांडतात. त्यांचे भांडून झाले की मी त्या शेतमजुराची हकीकत सांगतो, आणि अपील कोणी फेटाळले तेही सांगतो. वर्ग शांत होतो. अशा वेळी कलमांचे आकडे सांगावे लागत नाहीत.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय छापलेलाच असतो: मागील सभेचे कार्यवृत्त वाचून कायम करणे. माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी हा विषय "वाचले असे समजून" कायम होतो. तो खरोखर वाचावा, मोठ्याने वाचावा, आणि चालू सभेच्या ठरावांचे वाचन झाल्यावरच सह्या व अंगठे घ्यावेत, एवढे झाले तरी पुष्कळ होईल. रंगाचार्लूंच्या सभेला अधिकार नव्हता, पण तेथले निवेदन कागदावर आले. आमच्या ग्रामसभेला राज्यघटनेचे अधिष्ठान आहे, आणि तिचे पान कोरे राहते.

कोरे पान सापडल्यावर मी त्या शेतमजुराला बोलावून घेतले होते. पुढच्या यादीसाठी त्याचा प्रस्ताव पाठवला आणि माझी चूक त्याच्यापाशी कबूल केली. तो रागावला नाही. वहीतला आपला अंगठा त्याने ओळखला, त्यावर बोट ठेवले आणि विचारले, "साहेब, मी अंगठा दिला तेव्हा पान भरलेलं होतं की असंच होतं?" या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते सभेतच, त्याच्यासमोर, लिहिले जायला हवे होते.